घर कुणाच्या हातचं, घर कुणाच्या नावाचं



मी घाटकोपरहून आले आहे. घाटकोपर म्हणजे मुंबईचं उपनगर. तुमच्यापैकी कितीतरी जणींचे मालक, भाऊ, नाहीतर मुलगे तिकडे कामाला असतील. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही नावं तुम्हाला नवी नाहीत. लग्न होऊन मी तिकडे गेले त्याला एकतीस वर्षं झाली. पण माहेर माझं इथलंच, जुन्नर तालुक्यातलं. तेव्हा आज माहेरवाशिणीच्या हक्कानं चार गोष्टी बोलते. हातातलं काम सोडू नका. भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता ऐका.

आज मी एका घराबद्दल बोलणार आहे. घर काही वाडा नाही, महाल नाही. मातीच्या भिंती, बांबू, वर कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. तुमच्या-माझ्या आजीचं होतं तसंच. पण ते बघायला देशभरातून माणसं येतात, चपला बाहेर काढून आत जातात. ते घर आहे वर्ध्याजवळ सेवाग्रामला. त्याला म्हणतात बापू कुटी.

आम्ही तिथं कशा पोचलो ते आधी सांगते. आमचा चौदा जणींचा बचत गट आहे. सगळ्या डोंगरावरच्या वस्तीतल्या. काही घरकाम करतात, काही पोळ्या लाटून देतात, एकीची भाजीची गाडी आहे. दोन वर्षं आम्ही सहलीसाठी महिन्याला वेगळे पैसे टाकले. पैसे जमले तशी भांडणं सुरू झाली, जायचं कुठं? निम्म्या म्हणाल्या, शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला. आमची सचिव म्हणाली, त्याच रेल्वेनं पुढं गेलं की वर्धा, तिथं सेवाग्राम बघू. शेवटी ठरलं, दोन्ही करू. जानेवारीत ठाण्याहून गाडीत बसलो, आधी शेगावला उतरलो, दर्शन झालं, प्रसाद झाला, आणि पुढच्या गाडीनं वर्ध्याला गेलो.

आणि गंमत बघा. सेवाग्रामला गेल्यावर कळलं की त्या गावाचं जुनं नाव होतं सेगाव. गांधीजी तिथं राहायला आल्यावर त्यांची पत्रं, तारा शेगावला जायच्या आणि शेगावची पत्रं इकडे. हा घोटाळा फार व्हायला लागला, म्हणून १९४० साली गावाचं नाव बदलून सेवाग्राम केलं. आमच्यातली एक जण म्हणाली, "म्हणजे आपण पत्रासारख्याच आलो की, आधी शेगाव आणि मग सेगाव!"

आता त्या घराची गोष्ट. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाला निघताना गांधीजींनी ठरवलं होतं की स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीच्या आश्रमात राहायला परत यायचं नाही. मग पुढं जमनालाल बजाज यांनी त्यांना वर्ध्याला बोलावलं. काही काळ ते वर्ध्यात राहिले. पण त्यांच्या मनात आलं, खेड्यांबद्दल बोलायचं आणि राहायचं शहरात, हे बरोबर नाही. खेड्यात राहायला हवं. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेगाव. तिथं जमनालालजींची जमीन होती. गाव लहान, गरीब, वस्तीत दलित कुटुंबं पुष्कळ. धड रस्ता नाही, टपाल कचेरी नाही. पावसाळ्यात चिखल, आणि चिखलाबरोबर हिवताप. १९३६ च्या एप्रिलच्या शेवटी गांधीजी त्या गावात राहायला आले, आणि त्याच वर्षी मलेरियानं आजारी पडले. वर्ध्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

पण मैत्रिणींनो, त्या गावात त्यांच्याआधी एक बाई येऊन राहिली होती. मला आज तिच्याबद्दलच जास्त सांगायचं आहे.

त्या बाईचं नाव मॅडलिन स्लेड. जन्म इंग्लंडमधला, १८९२ चा. वडील ब्रिटिश आरमारातले मोठे अधिकारी. वडिलांच्या नोकरीमुळे ती तरुणपणी मुंबईत राहून गेली होती, पण तेव्हा ती साहेबाची मुलगी होती. मेजवान्या, पाहुणे, गाड्या-घोडे. पुढं तिला रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकाकडून गांधीजींची माहिती कळली. तिनं ठरवलं, जायचं. पण उठली आणि निघाली असं नाही. वर्षभर तयारी केली. सूत कातायला शिकली, मांसाहार सोडला, जमिनीवर मांडी घालून बसायची सवय केली, उर्दूचे धडे घेतले. १९२५ च्या नोव्हेंबरात ती बोटीनं मुंबईला उतरली आणि तिथून साबरमतीला गेली. गांधीजींनी तिला मीरा नाव दिलं. सगळे तिला मीराबहन म्हणायला लागले.

विचार करा. आपण लग्न होऊन दुसऱ्या गावी जातो तर वर्षभर डोळ्यांतलं पाणी खळत नाही. ही बाई देश सोडून, भाषा सोडून आली, आणि दहा वर्षांनी सेगावसारख्या आडगावात जाऊन राहिली. गावात झाडलोट, स्वच्छतेचं काम, आजाऱ्यांची विचारपूस. लोक लगेच जवळ आले असं मुळीच नाही. गोरी बाई, खादी नेसते, केस कापलेले, गावानं काय म्हटलं असेल ते आपल्याला न सांगता कळतं.

गांधीजी येणार म्हटल्यावर पहिलं घर बांधलं, त्याला आता आदि निवास म्हणतात. गांधीजींची अट होती की घर गावच्या साहित्यानं आणि गावच्याच माणसांच्या हातानं झालं पाहिजे, आणि खर्च कमीत कमी. त्या कामावर मीराबहनचं लक्ष होतं. आदि निवास म्हणजे एक मोठी खोली आणि भोवती पडवी. त्यातच सगळे. एका कोपऱ्यात गांधीजी, एका कोपऱ्यात कस्तुरबा, एका कोपऱ्यात पाहुणे. आपले तुकडोजी महाराज तिथं राहून गेले, खान अब्दुल गफार खान राहून गेले. माणसं वाढत गेली आणि जागा कमी पडायला लागली.

मीराबहननं थोड्या अंतरावर स्वतःसाठी एक लहान घर बांधलं होतं. तिथं ती राहायची आणि गावातल्या लोकांना कापूस पिंजायला, सूत कातायला शिकवायची. पुढं आदि निवासात गर्दी झाली तेव्हा तिचं हे घर वाढवून गांधीजींना राहायला दिलं. तेच घर म्हणजे आजची बापू कुटी.

म्हणजे बघा, घर बांधलं बाईनं आणि नाव लागलं बापूंचं. मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या बाईला त्याचं दुःख झालं असेल असंही नाही, तिनं मनापासून दिलं. पण आपण बघायला गेलो तर एवढं तरी माहीत असावं. आणि तिचा हात अजून त्या भिंतीवर आहे! ओल्या मातीनं तिनं भिंतीवर चित्रं उठवली आहेत. ताडाची झाडं, मोर, चरखा, ओम. रंग नाही, काही नाही, मातीवर मातीच. आपण चुलीवर, कणगीवर बोटांनी नक्षी काढतो ना, अगदी तशी. आमच्या गटातल्या एकीनं नकळत हात पुढं केला, आणि मग आठवलं म्हणून मागं घेतला. नव्वदेक वर्षांपूर्वीची बोटं आहेत ती.

आत काय आहे? एक चटई, बसकं मेज, मागं टेकायला फळी. कागदावर ठेवायचे दगड. तीन माकडांची छोटी मूर्ती. पाहुण्यांना बसायची जागा. आजारी माणसाची छोटी खोली. न्हाणीघर, तेही चांगलं ऐसपैस. साप न मारता पकडून लांब सोडायचा चिमटा आणि पिंजरा आहे, कारण शेतातलं गाव, साप निघायचेच. आणि एक टेलिफोन आहे, कारण व्हाईसरॉयच्या सरकारला या मातीच्या घरातल्या माणसाशी तातडीनं बोलावं लागायचं. १९३६ ते १९४६ अशी दहा वर्षं, मधले तुरुंगवास सोडून, गांधीजींचा मुक्काम सेवाग्रामला होता. १९४२ च्या चळवळीच्या आधी काँग्रेसच्या पुढाऱ्यांची बैठक वर्ध्यालाच झाली. एवढा मोठा कारभार चालला तो सारवलेल्या जमिनीवर बसून.

१९७८ साली इव्हान इलिच नावाचे परदेशी विचारवंत सेवाग्रामला आले होते. ते त्या कुटीत बराच वेळ नुसते बसून राहिले आणि मग त्यावर बोलले. त्यांनी त्या एवढ्याशा घरात सात वेगवेगळ्या जागा मोजल्या. चपला काढायची जागा, सगळ्यांना बसायची जागा, स्वतःच्या कामाची जागा, पाहुण्याची, आजाऱ्याची, उघडी पडवी आणि न्हाणीघर. हे ऐकलं आणि मला माझं माहेर आठवलं. ओटी, माजघर, सोपा, परसू, बाळंतिणीची खोली. आपल्या आज्यांनी हे कुणाकडून शिकून घेतलं होतं?

आमच्या गटात सगळ्यात मोठ्या आहेत त्या आजी. वय सत्तरीच्या पुढं. त्या आत आल्यापासून जमिनीकडे बघत होत्या. माहिती सांगणाऱ्या ताईंनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? तर या आजी म्हणाल्या, "बाई, हे सारवतं कोण?"

त्या ताई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, लोक फोनचं विचारतात, सापाच्या पिंजऱ्याचं विचारतात, चष्म्याचं विचारतात, हे कुणी विचारत नाही. मग त्यांनी सांगितलं. जमीन सारवावी लागते, भिंती लिंपाव्या लागतात, पावसाळ्याआधी कवेलू चाळावे लागतात. कौलांना तिकडे कवेलू म्हणतात. भिंतींना पावसाचा मारा लागू नये म्हणून सिंदीच्या पानांचे झाप बांधावे लागतात. पान आणायला माणूस लागतो, बांधायला येणारा माणूस लागतो, आणि ती कला येणारी माणसं आता कमी होत चालली आहेत.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दगडी वाड्याला कुलूप लावलं तरी तो पन्नास वर्षं उभा राहतो. मातीचं घर कुलूप लावलं की दुसऱ्या पावसाळ्यात बसतं. बापू कुटी आज उभी आहे ती दरवर्षी कुणीतरी हात माखून घेतो म्हणून. २०११ साली बातमी आली होती की गांधीजींचा चष्मा आश्रमातून चोरीला गेला. वस्तू जाऊ शकते. घर मात्र माणसांचे हात थांबले तरच जातं.

बापू कुटीच्या जवळच आणखी एक घर आहे. तिथं गर्दी नसते. लोक वाकून बघतात आणि पुढं जातात. ते आहे बा कुटी, कस्तुरबांचं घर. ते का बांधलं माहीत आहे? मघाशी सांगितलं ना, आदि निवासात सगळे एकत्र राहायचे. येणारे-जाणारे पुरुष, पाहुणे, पुढारी. त्यात कस्तुरबांना स्वतःचा असा आडोसा नव्हता. कपडे बदलायचे, आडवं व्हायचं, कुठं? ही अडचण जमनालालजींच्या ध्यानात आली. त्यांनी गांधीजींची परवानगी काढून बांसाठी वेगळी छोटी कुटी बांधली.

मी त्या दारात जरा थांबले. जिचा नवरा अख्ख्या देशाचा बापू, तिलाही दाराआड जागा मिळायला वेळ लागला. आमच्या डोंगरावरच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही सात माणसं राहत होतो. साडी बदलायची तर सासरे, दीर बाहेर जाऊन उभे राहायचे, पाऊस असला तर तेही नाही. मग मी पदराआड, पहाटे चारला. तुमच्यातल्या कितीजणींनी असे दिवस काढले आहेत ते तुम्हालाच ठाऊक.

आणि बांची गोष्ट तिथं संपत नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्या मुंबईला गेल्या. गांधीजींना पकडलं. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत बा बोलणार होत्या, तर त्यांनाही पकडलं. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. मीराबहनही तिथंच कैदेत होती. २२ फेब्रुवारी १९४४ ला बा तिथंच गेल्या. सेवाग्रामच्या त्या छोट्या घरात त्या परत आल्या नाहीत. त्यानंतर मे महिन्यात गांधीजी सुटले आणि तब्येत सुधारायला आमच्याकडे उपनगरात, जुहूच्या समुद्रावर येऊन राहिले. जुहूला फिरायला मी किती वेळा गेले असेन, मक्याचं कणीस खाल्लं, मुलांना घोड्यावर बसवलं. पण बायको गमावलेला एक म्हातारा माणूस इथं वाळूत चालला असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

मीराबहनचं काय झालं? ती पुढं हिमालयाच्या बाजूला गेली, गाई-गुरांसाठी, झाडांसाठी काम केलं. १९५९ साली भारत सोडला, आणि १९८२ मध्ये ऑस्ट्रियात वारली. गांधीजींनी २५ ऑगस्ट १९४६ ला सेवाग्राम सोडलं. तेही परत येऊ शकले नाहीत. घर मागं राहिलं.

आता माझ्या माहेरच्या घराकडे येते. कारण खरं सांगायचं तर मी आज बोलायला आले ते त्यासाठी.

सेवाग्रामहून परतले आणि आठ दिवसांत दादाचा फोन आला. जुनं घर पाडतोय. घरकुलाचे पैसे मंजूर झालेत, वर आपले घालून स्लॅबचं बांधू. मी नुकतीच बापू कुटी बघून आलेली. मी फोनवरच रडायला लागले. म्हटलं, पाडू नको दादा, आजोबांनी बांधलेलं घर, पांढरीची माती, सागवानी तुळया, लोक अशी घरं बघायला कुठून कुठून येतात!

आईनं फोन हातात घेतला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. म्हणाली, "लोक बघाया येत्यात आन् दोन घंट्यानं जात्यात. ऱ्हायचं मला हाय. माझ्या गुडघ्यांला इचार आधी."

मी गप्प झाले. खरंच होतं तिचं. दर आठवड्याला जमीन सारवायची. शेण गोळा करायचं, ते कालवायचं, ओणव्यानं माजघरापासून ओटीपर्यंत मागं मागं सरकत यायचं. दिवाळीआधी भिंती पोतारायच्या. पावसाळ्याआधी दादा कौलं चाळायचा, तरी चार ठिकाणी गळायचं आणि खाली पातेली आईनं मांडायची. तेव्हा ते कुणी संग्रहालय नव्हतं, तिचं काम होतं. सेवाग्रामला सारवायला पगारी माणूस आहे. माझ्या आईला कुणी पगार दिला?

म्हणून मी घर वाचवायचा हट्ट सोडला. पण आजींचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. सारवतं कोण? आणि त्याच्या मागून दुसरा आला. नाव कुणाचं?

चैत्रात मी माहेरी गेले. दादाला म्हटलं, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा दाखव. त्याच्यावर नाव अजून वडिलांचं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. दादा म्हणाला, आता माझं लावतोय. मी म्हटलं, तुझ्या एकट्याचं नको, आईचं आणि वहिनीचंही लाव.

दादाचा चेहराच बदलला. म्हणाला, "म्हणजे आता तुला हिस्सा पाहिजे, असं सरळ सांग ना."

मैत्रिणींनो, हे वाक्य ज्या माहेरवाशिणीनं ऐकलं आहे तिलाच कळेल काय वाटतं. तसं पाहिलं तर हिस्सा मागणं काही पाप नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. पण मी त्या दिवशी माझ्यासाठी बोलत नव्हते. मी म्हटलं, "दादा, माझं नाव तू लावू नकोस म्हटलं तर ते आपण दोघं नंतर बघू. पण जिनं पंचवीस वर्षं हे घर सारवलं, तिचं नाव लावायला तुझं काय जातंय?" दादा उठून शेतावर निघून गेला. रात्री जेवला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी, म्हणजे आई, वहिनी आणि मी कचेरीत गेलो. तिथले भाऊसाहेब म्हणाले, एकाचं नाव पुरे असतं, दोघा-तिघांचं कशाला, कटकट वाढते. दुसऱ्या खेपेला म्हणाले, साहेब नाहीत. तिसऱ्या खेपेला मी सांगितलं की २००३ साली शासनानंच ठरवलं आहे, गावठाणातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करावी. घरकुल योजनेतही घर दोघांच्या नावानं किंवा बाईच्या नावानं द्यायचं असा नियम आहे. ते म्हणाले, मालकांची संमती आणा.

आता वहिनी कधी बोलत नाही. माझ्या लग्नात तिनं मला ओवाळलं तेव्हापासून तिचा आवाज मी मोजून ऐकला आहे. पण त्या रात्री तिनं दादाला ताट वाढलं आणि शेजारी बसून म्हणाली, "उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर मी कुणाच्या दारात उभी राहू? ताईंच्या?" एवढंच. दादा काही बोलला नाही. सकाळी अंघोळ करून सही करायला आमच्याबरोबर आला.

आज त्या उताऱ्यावर तीन नावं आहेत. माझं नाही, आणि तो विषय दादाचा-माझा अजून शिल्लक आहे, तो आम्ही बोलून सोडवू. पण आईनं तो कागद हातात घेतला, तिला वाचता येत नाही, वहिनीनं बोट ठेवून दाखवलं, हे तुमचं. आई म्हणाली, "एवढंसंच?" आणि मग पुष्कळ वेळ तो कागद तिनं मांडीवर धरून ठेवला.

घर पाडलं. सागवानी चौकट आणि दारं नव्या घराला लावली. भिंतींची माती वाया घालवली नाही, पांढरी माती शेताला चांगली म्हणून रानात टाकली. आत आता फरशी आहे, आईला पोछा मारायला वहिनी देत नाही. पण आईनं दादाला एक सांगितलं होतं, पुढच्या अंगणात कोबा करायचा नाही. तेवढं मातीचं राहू दे. ती सणावाराला खुर्चीवर बसते आणि माझी भाची सारवते. "पुढनं मागं सरकत ये गं, पाय उमटत्यात," असं आई तिकडून ओरडते.

पाडायच्या आधी मी एक काम केलं. दोन दिवस आईजवळ बसून ते घर कसं बांधलं ते सगळं वहीत लिहून घेतलं. माती कुठल्या टेकाडावरची, त्यात भुसा किती, गारा किती दिवस तुडवायचा, भेंडे वाळवायला किती ऊन लागायचं, पाणी कुणी वाहिलं. पाणी आजीनं वाहिलं. पोटुशी असताना, ओढ्यावरून. हे मला पंचावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. मी नेहमी ऐकलं होतं की घर आजोबांनी बांधलं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, कर्जाचं बोलणं झालं की तीन गोष्टी करा.

पहिली, तुमच्या गटातल्या सगळ्यात वयस्क बाईला तिच्या घराची गोष्ट विचारा. कुणी माती आणली, कुणी लिंपलं, कुणी पाणी वाहिलं. एकीनं लिहून घ्या. लिहिणारी नसेल तर शाळेतल्या मुलीला बसवा.

दुसरी, प्रत्येकीनं आपल्या घराचा ग्रामपंचायतीतला नमुना नंबर ८ चा उतारा काढून आणा आणि नाव कुणाचं आहे ते वाचा. एक लक्षात ठेवा, हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. तरी घरातून बाहेर काढायची वेळ कुणावर आली, तर नाव असलेली बाई आणि नाव नसलेली बाई यांत फरक पडतो. तुमचं नाव नसेल तर अर्ज करा. एकटीनं जाऊ नका, तिघी-चौघी जा.

तिसरी, कधी वर्ध्याकडे गेलात तर सेवाग्रामला जरूर जा. बापू कुटी बघा, मीराबहनचा मोर बघा, आणि बा कुटीसमोरून नुसत्या पुढं जाऊ नका. जरा आत डोकावा. आणि माहिती सांगणाऱ्या ताईंना आमच्या आजींचा प्रश्न विचारा.

बराच वेळ घेतला तुमचा. भाकरी करपली असेल तर माझ्या नावानं माफ करा. पुन्हा कधी माहेरी आले तर भेटूच. रामराम!